अंगणातलं तळं आणि धबधबा: उंची कमी करा, काठ नीट बांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळ बंगला, मागे ३० बाय २० फुटांचं अंगण, जमीन काळी. गवंड्याने बेत काढून दिलाय: १० बाय ७ फुटांचं सिमेंटचं तळं, मागच्या कंपाउंडला टेकून ६ फूट उंच धबधबा आणि अर्ध्या अश्वशक्तीची मोटर. घरात दोन वर्षांचं मूल आहे, आणि डेंगीच्या भीतीने सासूबाईंचा विरोध आहे. सिमेंट की प्लास्टिक, मोटर केवढी आणि डासांचं काय, हे तुम्हाला हवंय.

तळं जरूर करा. जागा पुरेशी आहे आणि मापही योग्य आहे. पण धबधबा ६ फुटांवरून २ फुटांवर आणा. बाकीच्या बऱ्याचशा अडचणी या एका बदलाने सुटतात, म्हणून त्याचं कारण आधी सांगतो.

घरच्या तळ्यातलं पाणी चोवीस तास फिरत राहिलं तरच ते निरोगी राहतं. ६ फुटांवर पाणी चढवून ते भरघोस पाडायचं तर मोटर मोठी लागते. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर दिवसरात्र चालवली तर दिवसाला १० युनिटांच्या वर वीज खाते. पहिलं बिल आलं की घरचे ती बंद ठेवतात आणि पाहुणे आले की तेवढी लावतात. एरवी पाणी निपचित पडून राहतं. पाणी हिरवं झालं, वास येतो, डास झाले, मासे मेले, अशा तक्रारी घेऊन लोक बोलावतात तेव्हा बहुतेक ठिकाणी मूळ हेच निघतं. शिवाय उंचावरून पडणारं पाणी वाऱ्याबरोबर काठाबाहेर उडतं. सपाट अंगणात ६ फुटांचा दगडांचा ढीग दिसायलाही उपराच वाटतो. दीड-दोन फुटांवरून, दोन टप्प्यांत, रुंद ओठावरून (पाणी जिथून खाली पडतं त्या दगडाच्या कडेवरून) पडणारं पाणी अंगणभर ऐकू येतं. तेवढं पुरतं.

आता सिमेंटचं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत तीन-चार इंचांचा कोबा आणि विटांच्या भिंती दोन उन्हाळे काढत नाहीत. भेग पडते ती पाण्याखाली, आणि ती शोधायला तळं रिकामं करावं लागतं. कठीण मुरूम असेल किंवा कोकणातला जांभा असेल तर बांधीव तळं चांगलं टिकतं. तुमच्याकडे तसं करायचं तर खाली मुरमाची जाड गादी, वर लोखंड घालून काँक्रीट, असा घाट घालावा लागेल. तरीही सिमेंटचंच केलं, तर त्यातला चुना पाण्यात उतरत राहतो आणि नव्या टाकीत मासे मरतात, हे लक्षात ठेवा. केळीचे खुंट टाकून पाणी कुजवायचं, ते काढून टाकायचं, पुन्हा भरायचं, असं काही आठवडे करावं लागतं.

तुम्हाला प्लास्टिकचं अस्तरच घ्यायला सांगेन. शेततळ्यांमुळे आपल्याकडे ही वस्तू आता तालुक्याच्या गावीही मिळते. द्राक्षबागांच्या शेततळ्यांत घालतात तो ५०० मायक्रॉनचा जाड कागद तुमच्या कामाला चालेल. मात्र तो ताठ असतो, कोपऱ्यांत नीट बसत नाही, त्यामुळे तळ्याचा आकार साधा लंबगोल ठेवा. नागमोडी काठ आणि बऱ्याच पायऱ्या हव्या असतील तर एक मिलिमीटर जाडीचं ईपीडीएम रबर घ्या. महाग पडतं, पण मऊ असतं. निळी ताडपत्री किंवा पिकांवर अंथरायचा मल्चिंगचा कागद अजिबात वापरू नका, उन्हाने एका वर्षात त्याचा भुगा होतो.

माप असं काढा: लांबी, अधिक खोलीच्या दुप्पट, अधिक दोन्ही काठांना एकेक फूट. तुमची खोली २ फूट धरली तर १० + ४ + २ म्हणजे १६ फूट आणि ७ + ४ + २ म्हणजे १३ फूट. १६ बाय १३ चा एकसंध तुकडा आणा, जोड नको. धबधब्यासाठी वेगळा तुकडा लागेल.

जागा ठरवताना अंगणातला सर्वांत सखल कोपरा टाळा. पावसाळ्यात तिथेच पाणी साचतं, ते अस्तराखाली शिरतं आणि अस्तर फुगून वर येतं. शिवाय आजूबाजूचा गाळ आणि बागेतलं खत वाहत तळ्यात येतं. आंबा, उंबर, पिंपळ यांच्याखाली नको, पानगळीने जीव जाईल. बांबूपासून लांब राहा. कण्हेर जवळ असेल तर ती काढा किंवा तळं हलवा, तिची पानं विषारी असतात. कमळं हवी असतील तर रोज पाच-सहा तास ऊन लागतं. दुपारी तीननंतर सावली मिळाली तर उत्तम.

खोली २ फुटांपेक्षा कमी ठेवू नका. थंड देशांत पाणी गोठतं म्हणून खोली लागते, आपल्याकडे ती उन्हासाठी लागते. २० अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना तो ७ वर येतो. उथळ पाणी मे महिन्यात दुपारी सहज तापतं. दोन बाजूंना १० इंच खोलीवर फूटभर रुंदीची पायरी सोडा, तिच्यावर झाडांच्या कुंड्या बसतील. पायरी आणि लंबगोल आकार वजा जाता तळ्यात अंदाजे २५०० लिटर पाणी मावेल.

आता काठ. या कामात जीव ओतायची जागा ही. पाणी आपली पातळी सोडत नाही, त्यामुळे १० फुटांच्या अंतरात काठ एका टोकाला दोन इंच खाली असेल तर त्या बाजूने पाणी सांडतं आणि समोरच्या बाजूला दोन इंच काळं प्लास्टिक कायम उघडं दिसतं. नजरेवर जाऊ नका. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाइप घ्या, काठाभोवती दर दोन-तीन फुटांवर खुंट्या ठोका आणि प्रत्येक खुंटीवर एकच खूण करून घ्या. खोदण्याआधी एकदा आणि अस्तर घालण्याआधी पुन्हा एकदा. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवा, म्हणजे अंगणातलं पावसाचं पाणी आत येणार नाही.

खड्ड्यातले अणकुचीदार दगड, काचा, मुळं हाताने वेचा. वर चाळलेल्या वाळूचा दोन इंचांचा थर आणि त्यावर जिओटेक्स्टाइल (मातीत न कुजणारं जाड कृत्रिम कापड). पैसे वाचवायला गोणपाट किंवा जुन्या चादरी घालतात, त्या वाळवी खाते आणि मागे पोकळी राहते. तुमच्या भागात घुशी असतील तर वाळूच्या खाली बारीक छिद्रांची जाळी अंथरायलाच हवी. घूस प्लास्टिक कुरतडते आणि गळती कुठे आहे ते वर्षभर कळत नाही.

अस्तर भर दुपारी घाला, उन्हाने मऊ पडलेलं असतं. अनवाणी उतरा. पाणी हळूहळू सोडत जा आणि चढत्या पाण्याबरोबर चुण्या ओढून एकत्र घ्या. कडा लगेच कापू नका. तळं पूर्ण भरून आठवडाभर बसू द्या, मग कापा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाहा: काठावरच्या दगडांच्या मागे अस्तराची कड उभी वर आलेली असली पाहिजे. कड आडवी पसरून तिच्यावर माती टाकली की माती आणि हिरवळीची मुळं पाणी बाहेर शोषत राहतात. लोक याला गळती समजून अस्तर बदलायला निघतात.

धबधब्यासाठी खोदकामातली माती वापरा. साधारण एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, निघेल. नुसती काळी माती मात्र बसते, आणि चार महिन्यांत तुमचा ओठ एका बाजूला कलतो. तिच्यात निम्मा मुरूम मिसळा, सहा-सहा इंचांचे थर टाका, पाणी मारा, धुमसाने ठोका. टेकाड कंपाउंडला टेकवू नका. भिंतीत ओल जाते आणि मागून दुरुस्तीला हात पोचत नाही. मध्ये दीड-दोन फूट अंतर सोडा. टेकाडावरून येणारं अस्तर तळ्याच्या अस्तरावर फूटभर पुढे यायला हवं, कौलावर कौल चढवतात तसं, आणि वाहत्या पाण्याच्या दोन्ही बाजूंना ते किमान सहा इंच उभं हवं. गळती बहुधा तळ्यात नसते, इथे असते.

ओठाचा दगड निवडायला वेळ द्या. आठ-दहा इंच रुंद, वरून सपाट आणि पुढची कड धारदार असलेला काळा दगड शोधा. कड गोलसर असेल तर पाणी तिला चिकटून खाली मागे वळतं आणि पडण्याऐवजी ओघळतं. दगड दोन-तीन इंच पुढे काढून ठेवा, त्याच्याखाली अस्तराचा जास्तीचा तुकडा द्या आणि आधी कोरडाच बसवा. मग मागून बादलीने पाणी ओता आणि समोर उभं राहून पाहा. पाणी डावीकडेच जात असेल तर डाव्या कोपऱ्याखाली एक बारीक चीप सरकवा, पुन्हा ओता. पदर सगळ्या रुंदीवर सारखा उतरेपर्यंत हे करायचं. मग दगडाच्या खालच्या आणि बाजूच्या फटी सिमेंटच्या मालाने बंद करा, नाहीतर पाणी दगडावरून न जाता दगडाखालून निघून जाईल आणि मोटर चालू असूनही धबधबा कोरडा दिसेल. मालात काळा रंग घाला, सांधे दिसत नाहीत.

दगड आपला काळा बेसॉल्टच घ्या. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, एखादी फरशी चालते, पण सगळं तळं त्यांनी मढवू नका. बोअरचं पाणी आधीच जड असतं, त्यात भर पडते. नदीतले गोटे उचलून आणू नका. तिथले मासे आणि किडे त्यांच्याखालीच जगतात. पाडलेल्या जुन्या घरांचा दगड मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही.

मोटरचा हिशेब ओठावरून करा. दर इंच रुंदीला तासाला ४०० लिटर धरा. आठ इंचांच्या ओठाला ३२०० लिटर. एवढ्या पाण्याने तुमचं सगळं तळं तासाभरात एकदा फिरतंही. पण पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो, आणि ‘कमाल उंची’ म्हणून लिहिलेली असते तिथे पाणी मुळीच पडत नाही. दोन फूट चढ आणि पाइपमधलं घर्षण धरता खोक्यावर ५००० लिटर आणि ३ मीटर लिहिलेला पंप घ्या. असे ६० वॉटच्या आसपास मिळतात. म्हणजे दिवसाला दीड युनिटाहून थोडं कमी, महिन्याला ४३ युनिटं. पाइप सव्वा इंचाच्या खाली नको आणि काटकोनी एल्बो शक्य तितके टाळा. बसवल्यावर ओठाखाली २० लिटरची बादली धरा. २२-२३ सेकंदांत भरली तर हिशेब जुळला.

पंप धबधब्याच्या समोरच्या टोकाला ठेवा, म्हणजे पाणी सगळ्या तळ्यातून फिरेल. तो विटेवर उचलून ठेवा, गाळ ओढणार नाही. टेकाडाच्या माथ्यावर ५० लिटरचा एक ड्रम लपवा. पाणी त्यात खालून शिरू द्या, स्पंजमधून आणि बारीक खडीतून वर येऊ द्या आणि मग ओठाकडे जाऊ द्या. गाळण्याचं काम स्पंज करतो, पण खरं काम खडीवर वाढणारे जिवाणू करतात. माशांच्या विष्ठेतला अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडं खातात. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज धुताना तळ्याच्याच पाण्यात धुवा. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने ते मरतात.

विजेबाबत तडजोड नको. पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) स्वतंत्र, अर्थिंग तपासलेलं, प्लग झाकणाच्या डब्यात आणि जमिनीपासून वर. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचा, हे घरातल्या आणि बागकाम करायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. कामाला इलेक्ट्रिशियनच हवा.

दोन वर्षांचं मूल घरात असताना दोन इंच पाणीही जीवघेणं असतं. मूल मोठं होईपर्यंत पाण्याच्या पृष्ठभागाच्या वर जाड वेल्डमेश (वेल्ड केलेली लोखंडी जाळी) बसवा, काठावरच्या दगडांखाली पक्का अडकवलेला, मोठ्या माणसाचं वजन पेलेल असा. झाडं त्यातून वर येतात. मूल शाळेत जाईपर्यंत थांबून मग तळं करायचं ठरवलंत तर तेही मला पटेल.

सासूबाईंना डासांची भीती वाटते ती योग्यच आहे. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. पण फिरतं पाणी आणि मासे असलेल्या तळ्यात अळी टिकत नाही. धोका असतो तो धबधब्याच्या टप्प्यांमध्ये. वीज गेली की पंप थांबतो आणि दगडांच्या खळग्यांत वाटी-वाटी पाणी उरतं, तिथे मासा पोचत नाही. म्हणून प्रत्येक टप्पा पंप थांबल्यावर रिकामा होईल असा उतार द्या. ड्रमला घट्ट झाकण आणि उघड्या कुंड्यांखालच्या बशा हद्दपार. अळ्या खायला गप्पी मासे पुरतात. बऱ्याच ठिकाणी महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे ते मिळतात. ते वाढतात भरमसाट, पण जास्तीचे ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. ते परदेशी आहेत आणि आपल्या माशांच्या मुळावर येतात. गॅम्बुसिया हा डासांच्या अळ्या खाणारा दुसरा परदेशी मासा तर आणूच नका, तो बेडकांची पिल्लंही खातो.

कोई माशांचा मोह टाळा, त्यांना तीन-चार फूट खोली लागते आणि ते झाडं उपटतात. चार-पाच गोल्डफिश चालतील. नळाचं पाणी भरलं असेल तर मासे लगेच सोडू नका. आधी झाडं, महिनाभराने गप्पी, त्यानंतर बाकीचे. कासव आणून देतो म्हणणारे भेटतात. देशी कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

झाडांत पायरीवर वेखंड, ब्राह्मी, कर्दळ आणि काठाला अळू लावा. चौघंही आपल्या हवेत कष्टाविना वाढतात. मधल्या खोल भागात एक कुमुदिनी, धबधब्यापासून लांब, कारण तिला पानांवर सतत उडणारं पाणी सोसत नाही. कुंडीत पोयट्याची माती, शेणखत नाही, वर खडीचा थर. पाणकणीस देखणं असतं, पण त्याचे कोंब टोकदार असतात, ते अस्तर भोकसतात. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. पवना, इंद्रायणी आणि पंचगंगा तिने कशा भरून जातात ते आपण दर उन्हाळ्यात पाहतो.

पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत पाणी वाटाण्याच्या सारासारखं हिरवं होईल. तेव्हा घाबरून पाणी बदललं की नव्या पाण्याबरोबर शेवाळाला नवं खाद्य मिळतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पंप चालू ठेवा, माशांना कमी खायला घाला, झाडांना निम्मं पाणी झाकू द्या. पाणी आपोआप निवळतं. रात्री पंप बंद करू नका, पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो.

एप्रिल-मेमध्ये रोज सेंटिमीटरभर पाणी नुसतं उडून जातं, धबधब्यामुळे थोडं अधिकच. गळतीचा संशय आला तर पाण्याने भरलेली एक बादली काठावर ठेवा आणि दोन्हीकडच्या पातळ्यांवर खुणा करा. दोन्हीकडे सारखं उतरलं तर ऊन आहे. तळ्याचंच जास्त उतरलं तर पंप एक दिवस बंद ठेवा. उतरणं थांबलं तर दोष धबधब्यात आहे, चालूच राहिलं तर पाणी जिथे थांबेल त्या पातळीवर अस्तर तपासा.

टेकाडाचा वरचा टप्पा पंप चालू असताना इंचभर पाण्याचा आणि खडबडीत ठेवा. बुलबुल, दयाळ, शिंपी तिथेच अंघोळीला येतात, खोल पाण्यात ते उतरत नाहीत. चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे किडे) पहिल्या पावसाळ्यातच येतील, बेडूक तर बोलावल्यासारखे. बेडकांमागे कधीतरी पाणदिवडही येईल. ती बिनविषारी असते, तिला मारू नका. ओळखू आली नाही तर सर्पमित्राला बोलवा. ढोकरी आणि खंड्या चार मासे नेणारच.

खोदकाम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. तेव्हा माती फावड्याला येते आणि पावसाआधी टेकाड बसायला वेळ मिळतो. जूनपूर्वी काठात दोन इंची पाइप घालून जास्तीच्या पाण्याला वाट करून द्या, तोंडाला जाळी लावा आणि दुसरं टोक नारळाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडा. गवंड्याला नवा बेत सांगताना २ फूट ही उंची पाण्याच्या पातळीपासून मोजायची, हे कागदावर लिहूनच द्या.